ससाण्याची बैठक

वस्तु नुसती असून भागत नाहीं. ती कशावर तरी असावी लागते. आपल्या घरांत शंखाला अडणी लागते, देवाला चौरंग लागतो, गणपतीला मखर लागतें, पाण्याच्या हंड्याकळशांना घडवंची लागते, लोण्याला मांजरापासून दूर असें शिंकें लागतें आणि जेवणाऱ्या माणसाला पाट लागतो. शंख भुईवर ठेवूं नये, पोथी भुईवर ठेवूं नये, असें लहानपणीं आपल्याला सांगतात. त्याचें कारण विचारण्याची सोय नसते, पण कारण उघड आहे. ज्या वस्तूला बैठक मिळाली ती घरांतल्या इतर वस्तूंपासून वेगळी झाली. घडवंचीवरचा हंडा आणि न्हाणीघरांतला हंडा एकाच तांबटाच्या हातचे असले तरी एकाला आपण हात धुतल्याशिवाय शिवत नाहीं. बैठक ही वस्तूच्या वतीनें बोलत असते. वस्तु कोण आहे, तिला हात लावावा कीं तिला हात जोडावे, हें ती पाहणाराला आधींच सांगून टाकते.

म्हणूनच सक्करदऱ्यांतल्या आमच्या घरीं जेव्हां एका अवकाशयानाला बैठक निवडण्याचा प्रश्न निघाला, तेव्हां मीं तो हंसण्यावारी नेला नाहीं.

यान खरें नव्हे हें सांगावयास नको. बोटाच्या पेराएवढ्या, आणि कित्येक त्याहूनहि लहान, अशा प्लॅस्टिकच्या विटा एकमेकींवर दाबून तें बांधलेलें आहे. १९७७ सालीं निघालेल्या ‘स्टार वॉर्स’ या अमेरिकन चित्रपटांत ‘मिलेनियम फाल्कन’ नांवाचें एक जुनाट, डागडुजी करकरून चालविलेलें, पण विलक्षण वेगवान् यान आहे. त्याची ही प्रतिकृति. फाल्कन म्हणजे ससाणा. शेजारच्या आजींना मूळ नांव उच्चारतां येईना, म्हणून आमच्या घरांत ससाणा हेंच नांव रूढ झालें. डेन्मार्कमधील लेगो कारखान्यानें हा संच २०१७ सालीं ८०० डॉलर किमतीला विक्रीस काढला. त्यांत ७५४१ तुकडे आहेत. याच यानाची त्या कारखान्यानें २००७ सालीं काढलेली मोठी प्रतिकृति ५१९७ तुकड्यांची होती. म्हणजे दहा वर्षांत ससाण्यानें चांगलेंच बाळसें धरलें. पुरा बांधून झाला कीं त्याची लांबी ८४ सेंटिमीटर, रुंदी ५६ सेंटिमीटर आणि उंची २१ सेंटिमीटर भरते. ओळखीच्या वस्तूंत सांगावयाचें तर एका मोठ्या परातीवर दुसरी परात पालथी घातली आहे, तिला पुढें दोन सुळे फुटले आहेत आणि उजव्या अंगाला एक नळकांडें चिकटलें आहे, अशी कल्पना करावी. रंग राखाडी. सुंदर म्हणावें असें प्रथमदर्शनीं त्यांत कांहीं नाहीं. पण जवळ जाऊन पाहावें तों त्या राखाडी रंगांत शेंकडों बारीक नळ्या, झांकणें, जाळ्या आणि ठिगळें दिसूं लागतात, आणि मग जुन्या सायकलच्या दुकानासमोर जसा माणूस उगाच रेंगाळतो तसें होतें.

हा विटांचा कारखाना मुळांत एका सुताराचा, ही गोष्ट मला मागाहून कळली. ओले कर्क ख्रिश्चनसेन हा बिलुंड गांवचा सुतार. १९३२ च्या सुमारास मंदीमुळें बांधकामें मिळेनाशीं झालीं तेव्हां तो लांकडी खेळणीं करूं लागला. १९३४ सालीं त्यानें ‘नीट खेळ’ अशा अर्थाचे दोन डॅनिश शब्द तोडून जोडले आणि कारखान्याला नांव दिलें. प्लॅस्टिक पुढें आलें. वर खुंट्या आणि आंत नळ्या असलेल्या आजच्या विटेचें पेटंट २८ जानेवारी १९५८ या दिवसाचें आहे, आणि त्या वर्षाची वीट आजच्या विटेवर तितकीच घट्ट बसते. आठ खुंट्यांच्या अवघ्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारांनीं जोडतां येतात, असें गणितज्ञांनीं मोजून काढलें आहे. जन्मभर शाळेंत भूमिति शिकविलेल्या माझ्यासारख्या माणसाला असा आंकडा वाचून मिष्टान्न खाल्ल्यासारखें होतें. पण गंमत पुढेंच आहे. सहा विटांना एक्याण्णव कोटींहून अधिक वाटा मोकळ्या. आणि या साडेसात हजार तुकड्यांच्या ढिगाऱ्यासोबत येणारी जाड पुस्तिका मात्र एकच वाट दाखविते. आतां ही पट्टी घ्या, ती येथें बसवा. आतां ही. आतां ही.

ही एकच वाट किती मोलाची असूं शकते हें मला गेल्या वर्षीं कळलें.

संच आमच्या धाकट्या मुलीचा. बेंगळुरूस नोकरी करीत असतां पहिल्या मोठ्या पगारवाढीच्या आनंदांत तिनें तो घेतला, आणि पुढें दोन वर्षें तो पेटींत तसाच पडून राहिला; कारण ज्या नोकरीनें संच दिला तिनेंच वेळ काढून घेतला. मग पावसाळ्याच्या अखेरीस एका सकाळीं चार ओळींचें पत्र आलें आणि नोकरी गेली. तिच्याबरोबर आणखी पुष्कळांची गेली, हें तिनें आम्हांला दोनदां सांगितलें. पण आपण एकट्या नव्हतों या गोष्टीचा जो आधार वाटावयास हवा तो तिच्या आवाजांत नव्हता. भाड्याची खोली सोडून, दोन बॅगा आणि ही पेटी घेऊन ती घरीं आली.

एकोणतीस वर्षांची मुलगी कामाच्या दिवसांत घरीं दिसूं लागली कीं लोकांना किती काळजी वाटूं लागते! बुधवारच्या बाजारांत वांग्यांच्या ढिगाशीं उभे असतां मला तिघांनीं तरी विचारलें, “धाकटी सध्यां काय करते?” मीं उत्तर दिलें, “यान बांधते.” पहिल्यानें हंसून सोडून दिलें, दुसऱ्याला वाटलें ती श्रीहरिकोट्याला लागली, आणि तिसऱ्यानें घरीं जाऊन आपल्या पत्नीला सांगितलें, तिनें माझ्या पत्नीला विचारलें, आणि त्या रात्रीं मला वरणांत मीठ मिळालें नाहीं. तरी उत्तर खरें होतें. जेवणाच्या टेबलावर तिनें ढीग मांडला होता, आणि आम्ही तिघें चार महिने खालीं पाटावर बसून जेवत होतों. कित्येक वर्षांनीं माळ्यावरचे पाट खालीं आले.

रात्रीं दहानंतर घरांत एकच आवाज ऐकूं येई. वीट विटेवर बसतांना एक बारीक खटका होतो. मी अंथरुणावर पडल्या पडल्या ते खटके ऐकत असें. ज्या दिवशीं कोठून तरी नकार आलेला असे त्या रात्रीं ते अधिक वेळ चालत. विचारण्याचें धैर्य आम्हां दोघांनाहि नव्हतें आणि विचारण्याची जरुरीहि नव्हती. सकाळीं टेबलावर यान किती वाढलें आहे हें पाहिलें कीं आदल्या दिवसाची हकीगत कळत असे. माघांत एकदां तें तीन रात्रींत जवळजवळ वीतभर पुढें सरकलें. पत्नीनें तें पाहिलें, कांहीं न बोलतां स्वयंपाकघरांत गेली आणि तिच्या आवडीचे सांबारवडीचे रोळे करावयास घेतले.

फाल्गुनांत तिला पुण्यास काम मिळालें. ससाणा त्या आधीं आठच दिवस पुरा झाला होता. जाण्याच्या आदल्या संध्याकाळीं तिनें टेबलाभोंवतीं एक फेरी मारली आणि म्हणाली, “बाबा, याच्या बैठकीचं तुम्ही बघा. फक्त एक करा. माझी आठवण म्हणून ठेवूं नका. मी काही मेले नाही.”

“असं अभद्र बोलूं नये,” आई म्हणाली. पण मुलीनें प्रश्न बरोबर मांडला होता. जन्मभर मी वर्गांत ज्या अटी फळ्यावर लिहीत आलों त्यांतली एकहि इतकी नेमकी नव्हती.

संचाबरोबर बैठक येत नाहीं. यानाच्या नांवाची आणि मोजमापांची एक छोटी पाटी येते. आणि यानाच्या पोटाखालीं स्वतःचे पाय असतात. ते मिटत नाहींत. त्या पायांवर तें टेबलावर सपाट उभें राहतें, उतरलेल्या विमानासारखें. उडतें दाखवावयाचें असेल तर वेगळी बैठक घ्यावी किंवा करावी लागते, आणि अशा बैठकी करून विकणारे लोक जगांत पुष्कळ आहेत. त्यांतल्या बहुतेक पारदर्शक ॲक्रिलिकच्या असतात. त्यांची जाहिरातच मुळीं अशी कीं त्या दिसत नाहींत. दिसूं नये म्हणून धडपडणारी बैठक मला पटत नाहीं. आपली अडणी पाहा, किती ठसठशीत असते! शंखाचा भार मी घेतला आहे असें ती उघड सांगते.

परंतु न दिसणाऱ्या बैठकीची परंपरा या यानाच्या घराण्यांत जुनी आहे, हें मान्य केलें पाहिजे. मूळ चित्रपटांतलें यान कधींच उडालें नव्हतें. बाजारांत मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि मोटारींच्या खेळण्यांचे सुटे भाग चिकटवून त्याची प्रतिकृति केली होती. ती निळ्या पडद्यापुढें एका खांबावर घट्ट बसविलेली असे. आणि जॉन डायक्स्ट्रा व त्याच्या सहकाऱ्यांनीं तयार केलेला यंत्रचालित कॅमेरा रुळांवरून तिच्या दिशेनें, तिच्या बाजूनें, तिच्या पोटाखालून सरकत जाई. यान स्थिर, पाहणारा चालता. खांब मागाहून चित्रांतून नाहींसा केला कीं यान उडालें. मला ही युक्ति फार आवडली. भूमितीच्या तासाला मुलांना मी नेहमीं सांगत असें कीं आकृति समजत नसेल तर वही फिरवूं नका, डोकें फिरवा.

कित्येक हौशी लोक हें यान जवळजवळ उभें करून भिंतीशीं ठेवतात. जागा वांचते, आणि पाठीवरचें सारें बारीक काम एका दृष्टिक्षेपांत दिसतें. पण तशीं छायाचित्रें पाहिलीं तेव्हां मला संस्थानिकांच्या दिवाणखान्यांतलीं वाघाचीं कातडीं आठवलीं. भिंतीवर उभें चढविलेलें यान हें मारून आणलेल्या जनावरासारखें दिसतें. आढ्याला टांगण्याची सूचना माझ्या पुतण्यानें केली. नागपुरांत आढें हें पंख्याचें असतें हें तो पुण्यास राहून विसरला असावा.

पत्नीला कांचेची पेटी हवी होती. तिची बाजू कच्ची नव्हती. आमच्याकडे चैत्र-वैशाखांत जी धूळ उडते ती खुंट्याखुंट्यांमध्यें जाऊन बसते, आणि साडेसात हजार तुकड्यांचें यान पुसणें म्हणजे वाटाण्याचा एकेक दाणा पुसण्यासारखें आहे. पण कांचेचें नांव निघालें कीं मला आमच्या गल्लींतलीं घरें दिसतात. प्रत्येक घरांत दर्शनी भिंतीला एक कांचेचें कपाट आहे. त्यांत वक्तृत्वाचा पेला, बुद्धिबळाची ढाल, पदवीदानाच्या झग्यांतलें छायाचित्र, आणि कोणत्या तरी परदेशी शहराचा चिमुकला मनोरा. मुलें पुण्याला, बेंगळुरूला, अमेरिकेला. कपाटाची किल्ली आईच्या जुडग्यांत. दिवाळीच्या आधीं एकदां तें उघडतात, पुसतात आणि पुन्हां लावतात. अजब बंगल्यांत, म्हणजे १८६३ सालीं स्थापन झालेल्या आमच्या मध्यवर्ती संग्रहालयांत, पेंढा भरलेले प्राणी कांचेमागें उभे आहेत. लहानपणीं ते पाहतांना मला मौज वाटे, पण त्यांतला एकहि पुन्हां हलेल असें मला कधीं वाटलें नाहीं. घराचा अजब बंगला होण्यास फार सामान लागत नाहीं. कांचेचें एक कपाट आणि दोन म्हातारीं माणसें पुरतात.

हें मी पत्नीला बोललों. तिला राग आला नाहीं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग तिनें विचारलें, “मग धुळीचं काय करूं?” याला मजजवळ उत्तर नव्हतें. उत्तर दुसऱ्या दिवशीं तिलाच सुचलें. कोपऱ्यांत तिचा तंबोरा गवसणींत उभा असतो. तंबोऱ्याला कोणी कांचेची पेटी करीत नाहीं. कारण गवसणी काढली कीं तो वाजावयाचा असतो. माझ्या आईचें एक मऊ, विरळ झालेलें लुगडें तिनें काढलें आणि त्याची गवसणी शिवावयास घेतली. अंगावरून फिरविण्यास रंगकामाचा एक केसाळ मऊ कुंचला आणला. धुळीचा प्रश्न तेथें मिटला.

राहिला खरा वाद. ससाणा उडता ठेवावा कीं उतरलेला? माझें मन उडत्याकडे होतें. मीं कागदावर आंकडे मांडले. वीस अंशांनीं कलविलें तर ८४ सेंटिमीटरांचें यान ७९ सेंटिमीटर जागा घेईल आणि त्याचें नाक २९ सेंटिमीटर वर जाईल. तीस अंशांना नाक ४२ सेंटिमीटर वर जाऊन जागा ७३ सेंटिमीटर पुरेल. गुरुत्वमध्यांतून सोडलेला लंब बैठकीच्या पायाच्या आंत पडला पाहिजे, आणि टेकू पोटाच्या पातळ पट्ट्यांना न लागतां आंतल्या सांगाड्याला लागले पाहिजेत. पाठीवरच्या पट्ट्या थोड्याच खुंट्यांवर धरलेल्या असल्यामुळें कलविल्यावर कोठें कोठें किंचित् उचलल्या जातात, त्यांचाहि विचार मीं केला होता. पाय काढून ठेवावे लागले असते, कारण उडत्या पक्ष्याचे पाय लोंबतांना दिसत नाहींत. आकृति इतकी सुबक झाली कीं मीं ती पत्नीला दाखविली.

तिनें चष्मा लावून ती पाहिली. म्हणाली, “उतरलेलंच ठेवा. उडतं ठेवलंत तर रोज सकाळी निघालेलं दिसेल.”

या वाक्यावर त्रिकोणमितींत उत्तर नाहीं.

पण सपाट ठेवण्यांत माझी एक अडचण होती आणि ती भावनेची नव्हती. छातीइतक्या उंचीवर ठेवलेलें सपाट यान बाजूनें नुसती एक राखाडी कड दाखवितें; पाठीवरचें काम दिसतच नाहीं. पत्नीनें माझ्या आईची सागवानी घडवंची सुचविली होती. तीन फूट लांब, पाण्यानें भरलेले तीन हंडे पन्नास वर्षें पेललेली. भाराची काळजीच नको. आम्हीं ती माळ्यावरून उतरवून, पुसून, तिच्यावर यानाएवढा पुठ्ठा कापून ठेवला आणि पाहिलें. कडच दिसली. घडवंची उंच असते, कारण पाणी घेणाऱ्या बाईला वांकावें लागूं नये. पाणी घेणें निराळें आणि पाहणें निराळें. ती पुन्हां माळ्यावर गेली.

पुठ्ठा उचलून मीं भिंतीला टेकवून ठेवावयाचा, तो हातांतून निसटून जमिनीवर सपाट पडला, आणि मी उभ्यानें त्याकडे पाहत राहिलों. वरून सगळा दिसत होता. यान कलतें करण्याची गरजच नव्हती. तें खालीं असलें, अगदीं चौरंगाच्या उंचीवर, कीं पाहणाराची दृष्टिच आपोआप कलते. यान स्थिर, पाहणारा चालता. डायक्स्ट्राच्या कॅमेऱ्यानें लाखों रुपयांत जें केलें तें आमच्या बैठकीच्या खोलींत उभ्या माणसाच्या मानेनें फुकट होणार होतें. बसून पाहिलें तर यान उतरलेलें, उभें राहून पाहिलें तर आपण त्याच्यावरून उडत चाललों आहोंत. पत्नीला पहिलें मिळालें, मला दुसरें.

जागा ठरविणें सोंपें होतें, कारण जागा उरली होती एकच. पश्चिमेच्या खिडकीचें ऊन नको. या जातीचें प्लॅस्टिक उन्हानें पिवळें पडतें. कूलरचा झोत नको. नागपूरचा उन्हाळा कूलरशिवाय निभत नाहीं, आणि कूलर म्हणजे ओलसर वारा व त्याबरोबर रस्त्यावरची सारी माती. उरला देवघराच्या बाहेरचा कोपरा. पण त्या कोपऱ्यावर भाद्रपदांत तीन दिवस महालक्ष्म्यांचा हक्क आहे, आणि तो हक्क माझ्या पणजीच्या काळापासूनचा आहे. ससाण्याला त्या दिवसांत हलावें लागणार. दोन म्हाताऱ्या माणसांनीं तें यान हातांवर उचलून न्यावें हें शक्य नव्हतें. भार आहे हें एक. आणि धरावयास जागा कोठें आहे हें बांधणारीलाच माहीत हें दुसरें. अर्थात् बैठक चालती हवी. तिला चाकें हवीं.

चाकें म्हटल्याबरोबर मला लांकडी बैल आठवला. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठीं सांगतों. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं आमच्याकडे तान्हा पोळा असतो. त्या दिवशीं मुलें चाकांच्या पाटावर उभे असलेले लांकडी नंदी सजवून, दोरीनें ओढत आणतात, तोरणाखालीं ओळीनें उभे करतात, आणि मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे चार पैशांची ओवाळणी, मिळवितात. दुसऱ्या रघूजीराजे भोसल्यांनीं १८०६ सालीं मुलांसाठीं ही चाल सुरू केली असें सांगतात. भोसल्यांच्या वाड्याच्या आणि तलावाच्या या भागांत वाढलेल्या मुलाला तें कोणी सांगावें लागत नाहीं. या नंदीची एक गोष्ट माझ्या कधीं लक्षांत आली नव्हती. तो देव आहे. त्याला कुंकू लागतें, आरती होते. तरी त्याची बैठक चौरंग नाहीं, पाट आहे. आणि पाटाला चाकें आहेत. पूजा आटोपली कीं पोरगें त्याला रस्त्यावरून खडखडत ओढत नेतें. देव असून खेळणें राहण्याची सोय त्या चार चाकांनीं करून ठेवली आहे. मुलीनें घातलेल्या अटीला याहून नेमकें उत्तर कोणतें असणार?

लकडगंजांत जाऊन सागाची फळी पाहिली. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांतल्या सागाचा गर्व आम्हां वैदर्भीयांना आहेच. त्यांत दिल्लीच्या नव्या संसदभवनाला साग नागपुराहून गेल्यापासून व्यापारी भाव सांगण्याआधीं संसद सांगतात. मीं १०० सेंटिमीटर लांब आणि ७० सेंटिमीटर रुंद एवढी फळी जोडून मागितली, म्हणजे पुढेंमागें आठ-आठ आणि दोन्हीं बाजूंना सात-सात सेंटिमीटर मोकळे राहतात. केरसुणीचा धक्का बैठकीला लागेल, यानाला लागणार नाहीं. कडेला बोटभर उंचीची पट्टी, पाय घसरूं नयेत म्हणून. चाकें नंदीसारखीं लांकडी असावीं असा माझा हट्ट होता, पण मिस्त्रींनीं तो मोडून काढला. लांकडी चाक फरशीवर खडखडतें. नंदी एकसंध, त्याला त्याचें कांहीं नाहीं. पण जोडलेल्या वस्तूला धक्का सोसत नाहीं. रबरी चाकें घेतलीं, आणि त्यांतल्या दोहोंना अडकविण्याचे खटके. एका सुतारानें काढलेल्या कारखान्याच्या मालाला दुसऱ्या सुतारानें अशी दाद दिलेली पाहून मला बरें वाटलें. मिस्त्रींनीं यान पाहिलें, त्याच्याभोंवतीं उकिडवें बसून एक चक्कर घेतली, हात मात्र लावला नाहीं, आणि विचारलें, “पोरीनं एकटीनं केलं?” मीं हो म्हटलें. “किती दिवस लागले?” मीं चार महिने सांगितले. ते म्हणाले, “मंग बराबर हाय.”

नांवावर अजून एकमत नाहीं. मी त्याला चौरंग म्हणतों, पत्नी पाट म्हणते, मिस्त्री सुरुवातीपासून गाडी म्हणत आले. बैठक घरीं आली तेव्हां रंधा मारून झालेला होता, तेलाचा एक हात दिला होता, चाकें बसलीं होतीं. मुलीला दूरध्वनीवर विचारून, तिनें सांगितलेल्या चार ठिकाणीं हात घालून, मिस्त्री, त्यांचा मुलगा आणि मी, आम्हीं यान उचलून तीवर ठेवलें. एकच नळी गळाली. ती डबींत ठेवली आहे. मग मिस्त्रींनीं पिशवींतून ड्रिल काढलें, बैठकीच्या पुढच्या पट्टीवर अंगठा टेकवला आणि माझ्याकडे पाहिलें.

“सर, चाकं लावून राह्यले, तं दोरीसाठी भोक समोरून पाडू का जी?”

मीं पत्नीकडे पाहिलें. ती गवसणीची शिवण तोंडानें तोडीत होती. तिनें मान हलविली. भोंक पडलें. करंगळी जाईल एवढें आहे. मुलगी पोळ्याला येणार आहे, आणि दोरी तिनें आणावयाची असें ठरलें आहे.